कोरड्या तलावातली सतरा कासवं: एका गाळ-उपशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

भीमेच्या खोऱ्यातल्या एका कोरडवाहू तालुक्यातलं हे गाव आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. या कासवांचा ठावठिकाणा जितक्या कमी लोकांना कळेल तितकं बरं, आणि ते का, हे पुढे येईलच.

गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. १९७२ च्या दुष्काळात गावकऱ्यांनीच कामावर जाऊन त्याचा बांध घातला. पन्नास वर्षांत ओढ्यानं आणलेल्या गाळानं तो निम्म्याहून जास्त भरला. पावसाळ्यात पाणी दिसायचं, पण माघ सरला की तळ उघडा. गाळ काढायची मागणी जुनी होती. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आल्यावर आसपासच्या गावांनी आपले तलाव मोकळे करून घेतले, तेव्हा या गावानंही ठराव केला. गाळ काळाभोर, पोयट्याचा. मुरमाड रानात तो टाकला की दोन-तीन वर्षं पीक वेगळंच दिसतं. त्यामुळे पोकलेन तलावात उतरायच्या आधीच ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती.

काम मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं आणि मृग निघायच्या आत संपवायचं होतं. हातात मोजून अठरा दिवस. मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो. तालुक्यात आमचा निसर्ग अभ्यासणाऱ्या पाच-सहा जणांचा गट आहे. तलावाचं काम निघणार हे आम्हाला महिनाभर आधी माहीत होतं. काम सुरू होण्याआधी आमच्यापैकी कुणीही त्या तळात एक फेरीसुद्धा मारली नाही. कोरडा तळ म्हणजे रिकामा तळ, असं आम्हीही धरून चाललो होतो.

अडचण

तिसऱ्या दिवशी सकाळी बकेटमधून चिखलाच्या ढेकळासोबत एक चपटा, गोल, तव्यासारखा दगड ट्रॉलीत पडला. ट्रॉलीवरच्या पोरानं तो उचलून फेकायला हात घातला, तर ‘दगडा’नं हळूच एक पाय बाहेर काढला. तासाभरात आणखी दोन निघाले. त्यातल्या एकाची पाठ बकेटच्या दातानं मधोमध फुटली होती. ते तडफडलंसुद्धा नाही. पोकलेन चालवणारा परगावचा पंचविशीतला पोरगा. त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला आणि म्हणाला, “मी असं नाही चालवणार. आधी काय ते ठरवा.” या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तोच होता, आणि तो ज्यानं घेतला त्याला आमच्यातल्या कुणीही काही सांगितलेलं नव्हतं.

मला फोन आला तोवर दुपार झाली होती. एकूण चार कासवं लोकांनी जवळच्या विहिरीत सोडली होती, दोन मेली होती, सहा एका पाटीत उन्हात पडून होती, आणि मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तालुकाभर फिरत होता.

हे कासव कोणतं

पहिला प्रश्न ओळखीचा होता, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरणार होतं. आपल्या भागातल्या तळ्यांत दोन-तीन प्रकारची कासवं सापडतात. एक टणक, काळपट कवचाचं. ते हे नव्हतं. ही मऊ पाठीची होती: वर खवल्यांऐवजी चामड्यासारखी ऑलिव्ह-तपकिरी कातडी, आणि नळीसारखं पुढे आलेलं नाक. त्या नाकाचा उपयोग एकच, सगळं अंग पाण्यात किंवा चिखलात ठेवून फक्त नाकपुड्या हवेत धरायच्या.

मऊ पाठीच्या कासवांतही आपल्याकडे दोन जाती विचारात घ्याव्या लागतात. एक लीथचं कासव, निल्सोनिया लिथी. ग्रे या शास्त्रज्ञानं १८७२ साली त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या नमुन्यावरून. ते मोठं होतं, नद्या आणि धरणांत राहतं, पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे ठिपके असतात, आणि आज ते अत्यंत संकटात आहे. दुसरं लिसेमिस पंक्टाटा. आम्ही आपसात त्याला ‘झडपी कासव’ म्हणतो. पोटाच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे कातडीच्या झडपा असतात. कासवानं मागचे पाय आत ओढले की या झडपा त्यांच्यावर बंद होतात. पोटाच्या कवचाचा पुढचा भागही थोडा वर उचलला जातो आणि मान व पुढचे पाय झाकले जातात. लीथच्या कासवाला या झडपा नसतात. म्हणून मी सहाही कासवं एकेक करून उचलून पोट पाहिलं. सगळ्यांना झडपा होत्या. उत्तर भारतातल्या झडपी कासवाच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात, ही आपल्याकडची बिनठिपक्यांची.

झडपा ही नुसती ओळखीची खूण नाही, हे कासव कोरड्या प्रदेशात कसं टिकतं त्याचं उत्तर त्यातच आहे. बाकीची मऊ पाठीची कासवं मोठ्या, बारमाही पाण्याला चिकटून राहतात. हे मात्र डबकी, भातखाचरं, कालवे, आटणारी तळी यांत राहतं. पाणी आटलं की चिखलात शिरतं, झडपा मिटतं आणि पडून राहतं. शरीराचा सगळा व्यवहार मंद होतो. पाऊस पडला, माती भिजली, की वर येतं. पावसात एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात चालत जाणारी कासवं रस्त्यावर दिसतात ती बहुतेक हीच. बेडूक, गोगलगायी, मासे, किडे, पाणवनस्पती, मेलेलं जनावर, सगळं खातं. पाण्यातली घाण खाऊन संपवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

‘मऊ पाठ’ या नावानं एक गैरसमज होतो. मऊ असते ती वरची कातडी, तिच्याखाली हाडांचीच पाटी असते. बकेटच्या दातापुढे ती टिकत नाही, आणि एकदा फुटली की आतलं फुप्फुस लगेच उघडं पडतं.

समोर कोणते पर्याय होते

त्या दुपारी बांधावर जे बोलणं झालं त्यात प्रत्येकाला कासवं वाचवायचीच होती. हे मी आवर्जून लिहितो, कारण अशा प्रसंगात गावाला खलनायक करायची आपल्याला सवय असते. सरपंच ताई, शेतकरी, मशीनवाला, आम्ही, कुणालाच कासव मेलेलं नको होतं. वाद होता तो कुठे न्यायचं यावर.

विहीर हा गावाचा पहिला पर्याय. विहिरीत कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. ज्यांच्या विहिरीत चार सोडली त्या आजी म्हणाल्या, “महादेवापुढं कासव, तसं माझ्या पाण्यापुढं कासव.” त्यांची भावना खोटी नव्हती. पण दगडी बांधणीची उभी विहीर म्हणजे कासवाला जन्मठेप. ऊन खायला जागा नाही, बाहेर यायला वाट नाही, मादीला अंडी घालायला माती नाही.

दुसरा पर्याय चौदा किलोमीटरवरचं धरण. तिथं बारमाही पाणी आहे, म्हणून आमच्या गटातल्या दोघांचा त्याला पाठिंबा होता. माझा विरोध होता. झोपेतून उठलेलं, अशक्त जनावर अनोळखी खोल पाण्यात टाकणं, तेही जिथं रोज जाळी पडतात तिथं, याला सुटका म्हणता येत नाही. शिवाय एका पाण्यातलं जनावर दुसऱ्या पाण्यात नेताना त्याच्यासोबत रोग आणि जळवाही जातात. धरणात लीथचं कासव असण्याची शक्यता असताना ती जोखीम घ्यायची नव्हती.

तिसरा, पाऊस पडेपर्यंत सांभाळणं. चौथा, काम पूर्ण थांबवणं. चौथा पर्याय कुणी फार वेळ धरला नाही. ज्या रानाला गाळ हवा होता तिथले लोक दोन वर्षं टँकरचं पाणी पीत होते.

पाचवा पर्याय त्या दिवशी एकाच माणसानं मांडला. तलावात चाळीस वर्षं मासे धरलेले तात्या. ते म्हणाले, “सर, ते झोपलंय. झोपलेल्याला कशाला उठवता? तुमची मशीन दुसरीकडं फिरवा की.” आम्ही मान डोलावली आणि पुन्हा कुठे न्यायचं यावर बोलू लागलो. तात्यांचं म्हणणं आम्हाला पटायला अजून दोन दिवस आणि एक कासव जायचं होतं.

काय केलं

सगळ्यात आधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला. खरं तर हा फोन कासवांना हात लावण्याआधी व्हायला हवा होता. हे कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दात पकडणंही येतं आणि सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी वा घरटं विस्कटणंही येतं. चांगल्या हेतूनं घरी नेलेलं कासवही कायद्याच्या दृष्टीनं पकडलेलंच असतं. वनरक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. मधली रात्र आमच्या हातात होती, आणि तिथंच आमची चूक झाली.

पाटीतली सहा कासवं आम्ही शाळेच्या हौदात सोडली. हौद कमरेइतका भरलेला. विचार सरळ होता: पाण्यातलं जनावर, उन्हात तापलंय, त्याला पाणी द्या. मऊ पाठीची कासवं पाण्यातला थोडा प्राणवायू कातडीतून आणि घशाच्या अस्तरातून घेतात, हे मला माहीत होतं. त्या माहितीनंच घात केला. तो प्राणवायू जोडीला असतो, पुरेसा नसतो. कासवाला हवेत नाक काढावंच लागतं. आठवडेच्या आठवडे चिखलात निजलेल्या, उन्हानं गळून गेलेल्या जनावराच्या अंगात वर पोहण्याइतकी ताकद नव्हती आणि हौदाला टेकायला पायरी नव्हती. सकाळी एक तळाशी मरून पडलं होतं. ज्याला मशीननं मारलं नव्हतं ते आम्ही बुडवलं.

तालुक्याचे पशुवैद्य आले. त्यांनी पाणी चार बोटांवर आणायला सांगितलं, म्हणजे कासव बसल्या जागी मान वर करून श्वास घेईल. अर्ध्या भागात ओली माती, वर ओलं पोतं, पूर्ण सावली. पहिले दोन दिवस काही खायला घालायचं नाही. हे सगळं घरच्या साधनांत होण्यासारखं होतं. फक्त आदल्या संध्याकाळी त्यांना एक फोन करायला हवा होता.

वनरक्षकांनी पंचनामा केला, मेलेली तीन कासवं ताब्यात घेतली आणि उरलेली पाच सांभाळायची व्यवस्था वनविभागाच्या रोपवाटिकेत झाली. मग खरा निर्णय झाला, तलावातल्या कामाचा.

तात्यांना घेऊन आम्ही अखेर तळात फिरलो. ओढ्याचं जुनं पात्र तलावात जिथं येतं तिथं एक खोलगट भाग आहे, लोक त्याला डोह म्हणतात. तळ इतरत्र भेगाळला होता, डोहात अजून ओल होती. सापडलेली बहुतेक कासवं डोहाच्या कडेची होती. तात्यांनी बोथट काठीनं तीन ठिकाणी हलकेच दाबून दाखवलं आणि “आहे” म्हणाले. आम्ही खणून पाहिलं नाही.

अडचण अशी की डोहातच गाळाचा थर सगळ्यात जाड आणि सगळ्यात चांगला. तो सोडा म्हणणं म्हणजे तलावाचा जवळजवळ पाव भाग सोडा म्हणणं. संध्याकाळी ग्रामपंचायतीत जी बैठक झाली ती सोपी नव्हती. एक शेतकरी म्हणाला, “कासवाला डोह, मग माझ्या रानाला काय?” त्याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते सरपंच ताईंनी काढलं. डोह सोडायचा. ज्यांचा नंबर डोहाकडून होता त्यांना वरच्या अंगाचा गाळ आधी द्यायचा, आणि त्यांच्या ट्रॉल्या पहिल्या भरायच्या. गटानं आपल्याकडून डिझेलचा थोडा भार उचलला. वरच्या अंगाला पोकलेननं खोल घास घ्यायचा नाही, वीतभर-वीतभर थर खरवडत जायचं, पुढे दोन माणसं चालतील आणि त्यांनी हात वर केला की मशीन थांबेल, असंही ठरलं. मशीनवाल्या पोरानं हे शेवटपर्यंत पाळलं.

या पद्धतीनं आणखी पाच कासवं जिवंत निघाली. त्यांना आम्ही पाण्यात घातलं नाही. वनरक्षकांसमोर, ज्या चिखलात ती होती त्या चिखलासकट पाटीत उचलून डोहाच्या ओल्या भागात खड्डा करून ठेवली आणि वरून तोच गाळ सैल टाकला. पाटीतून जाताना त्यांनी झडपासुद्धा उघडल्या नाहीत.

तलावाची एक बाजूही उतरती ठेवून घेतली. उभी कापलेली कड कासवाला चढता येत नाही आणि पाणी प्यायला आलेलं वासरूही त्यात घसरतं. हा मुद्दा गावाला लगेच पटला.

अंडी

सहाव्या दिवशी ट्रॅक्टरचा चढ रुंद करताना काठाच्या मातीतून आठ अंडी निघाली. पांढरी, लिंबाएवढी, पूर्ण गोल, टणक कवचाची. एका मुलानं ती टोपीत गोळा करून धावत आणली. धावत आणली हेच नको होतं, पण त्याला कोण सांगणार? या कासवाची अंडी मातीत अनेक महिने राहतात, कधीकधी वर्षाच्या जवळपास, आणि पावसानं माती मऊ झाली की पिल्लं बाहेर पडतात. काही दिवसांतच आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की तो मरण्याची भीती असते. म्हणून अंडी हलवावीच लागली तर वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करून ती बाजू वरच ठेवून हलवायची असते. टोपीतल्या अंड्यांची वरची बाजू कुठली हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं. वनरक्षकांच्या सांगण्यावरून तशाच मातीत, तेवढ्याच खोलीवर पुरली, वर काटेरी फांद्या टाकल्या. त्यातून काहीच निघालं नाही.

फिरणारा व्हिडिओ

चौथ्या दिवशी दोन अनोळखी माणसं मोटारसायकलवर आली आणि ‘वीस नखी’ कासव आहे का विचारू लागली. ठराविक नखांच्या कासवानं धनलाभ होतो, या अंधश्रद्धेपायी आपल्याकडे कासवांची चोरटी खरेदी-विक्री चालते. आमच्या शाळेतली एक मुलगी तिथं होती. तिनं त्यांना शांतपणे सांगितलं, “याला प्रत्येक पायाला तीनच नखं असतात. चार त्रिक बारा.” ते खरंच आहे. या कासवांच्या कुळाचं शास्त्रीय नावच ‘तीन नखांची’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आलं आहे. माणसं निघून गेली. गाडीचा नंबर वनरक्षकांना दिला आणि संध्याकाळी गावातल्या पोरांनी सगळ्या ग्रुपवरून तो व्हिडिओ काढून टाकला. पण हे कासव मांसासाठी देशात मोठ्या प्रमाणावर पकडलं जातं, आंतरराष्ट्रीय लाल यादीत ते आज ‘असुरक्षित’ गणलं जातं, आणि एका व्हिडिओत तलाव, बांध, मंदिराचा कळस सगळं ओळखता येत होतं. आमच्या गटातल्याच एकानं तो कौतुकानं पुढे पाठवला होता.

परिणाम

एकूण सतरा कासवं सापडली. दोन मशीनखाली गेली, एक आमच्या हौदात. विहिरीतल्या चारपैकी तीन बाहेर काढता आली. बिबट्या विहिरीत पडला की बाज सोडतात, तशीच सुंभाची बाज अर्धी बुडेल अशी सोडली, तिच्यावर मासळीचे तुकडे बांधले आणि कासव चढलं की हळूहळू ओढून घेतलं. त्याला तीन दिवस लागले. आजींनी शेवटी स्वतः दोर धरला.

पाऊस मृगात आला नाही, आर्द्रा लागल्यावर आला. डोहात गुडघाभर पाणी साचलं तेव्हा रोपवाटिकेतली पाच आणि विहिरीतली तीन, अशी आठ कासवं वनविभागानं त्याच तलावात सोडली. चिखलासकट हलवलेल्या पाचांचं काय झालं हे मोजून सांगता येणार नाही, कारण त्यांना आम्ही खूण केली नव्हती. सोडण्याच्या आदल्या रात्री, म्हणजे आठातलं एकही पाण्यात नसताना, तात्यांना डोहात टॉर्चच्या उजेडात चार नाकं दिसली. श्रावणात आम्ही एका वेळी सहा मोजली.

गाळ ठरल्यापेक्षा कमी निघाला. तरी तलावात पाणी पूर्वीपेक्षा जास्त दिवस टिकलं.

वेगळं काय करता आलं असतं

कासवं कुठं न्यायची, हा प्रश्न आम्ही पहिले तीन दिवस सोडवत बसलो. गाळ कुठून, कधी आणि कसा काढायचा, हा प्रश्न विचारला असता तर पहिल्याला फारसा अर्थच उरला नसता. ज्या पाच कासवांना आम्ही सगळ्यात कमी छेडलं त्यांच्यावर सगळ्यात कमी खर्च, कमी धावपळ आणि बहुधा कमी त्रास झाला.

फेब्रुवारीत, पाणी हटत असतानाच, काठाकाठानं फिरलं असतं तर ओल कुठे सरकते आणि कासवं कुठे शिरतात हे डोळ्यांनी दिसलं असतं. डोह आधीच कामाच्या नकाशातून बाहेर ठेवता आला असता, म्हणजे कुणाचा ठरलेला नंबर काढून घ्यायची वेळ आली नसती. ट्रॅक्टरचा चढ काठाच्या मऊ मातीतून न काढता सांडव्याकडच्या मुरमातून काढला असता तर अंडी वाचली असती. आणि हौद कोरडा ठेवला असता, नुसतं ओलं पोतं टाकलं असतं, तर चौदाऐवजी पंधरा वाचली असती... हा हिशेब मी अनेकदा मांडला आहे. तो नेहमी त्या एका कासवापाशी थांबतो.

वनविभागाला पूर्वसूचना देणं हे आता गावाच्या ठरावातच आलं आहे. पुढच्या वर्षी शेजारच्या गावानं तलावाचं काम काढलं तेव्हा सरपंच ताईंनी तात्यांना तिकडे पाठवलं, मानधन देऊन.

विहिरीतलं चौथं कासव अजून तिथंच आहे. पाणी खाली गेलं की कपारीत बसलेलं दिसतं. विहिरीला आतून तिरकी फळी लावायचं आजींच्या मुलानं कबूल केलं आहे. पाणी काठाशी येतं तेव्हा ती उपयोगी पडेल, म्हणून फळी जूनच्या आत बसायला हवी. लाकूड आम्ही नेऊन दिलं आहे.